घाटात थांबलेली फिएट

रस्त्यात बंद पडलेल्या जुन्या गाडीपाशी मुरलेला मिस्त्री पोचतो, तेव्हा तो बॉनेटला लगेच हात घालत नाही. आधी विचारतो, "मालक, बंद कशी पडली ओ? एकदम गप्पकन, का झटके खात खात?" एवढ्या एका प्रश्नात निम्मा तपास उरकतो. इंजिन बंद पडण्याच्या वाटा मोजक्याच आहेत आणि प्रत्येक वाटेची खूण वेगळी आहे. ती खूण वाचता येणं मला फार विलक्षण वाटतं. आत काय बिघडलंय ते डोळ्यांना दिसत नाही, हातात धड यंत्रही नसतं. नाक, कान आणि अर्धा तास धीर एवढ्या भांडवलावर माणूस लोखंडाच्या पोटात शिरतो.

प्रसंग असा धरू. मे महिन्यातली दुपार आहे, सोलापुरात पारा ४२-४३ अंशांवर गेलाय. एक प्रीमियर पद्मिनी माणसांनी भरून तुळजापूरला देवीच्या दर्शनाला निघाली आहे. सपाटीवर ती छान धावली. घाट लागला, पुढे मालाने भरलेला ट्रक आला, दुसऱ्या गिअरमध्ये रखडत चढण सुरू झाली. अर्ध्या घाटात गाडीने दोन-चार आचके दिले आणि ती थांबली. सेल्फ मारला की इंजिन फिरतंय, पण गाडी काही स्टार्ट होत नाही.

पद्मिनीच घेतली याला कारण आहे. तिच्या बॉनेटखाली संगणक नाही, सेन्सर नाहीत. जे काही चालतं त्यावर बोट ठेवून दाखवता येतं. शिवाय ही गाडी सोलापूरच्या नात्यातली. १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स उभी करणारे वालचंद हिराचंद १८८२ मध्ये सोलापुरात जन्मले. रेल्वेची कंत्राटं, जहाजं, साखर, विमानांचा कारखाना असं करत करत ते मोटारींपर्यंत आले. १९४७ मध्ये कुर्ल्याच्या कारखान्यातून पहिली गाडी बाहेर पडली, पन्नाशीच्या दशकात इटलीच्या फिएटशी करार होऊन तिथे फिएट ११०० बनू लागली, आणि १९७४ मध्ये त्याच घराण्यातल्या गाडीला पद्मिनी हे नाव मिळालं. वालचंद १९५३ मध्येच गेले, त्यांना ती पाहायला मिळाली नाही. मुंबईत तिची टॅक्सी ऑक्टोबर २०२३ च्या अखेरीपर्यंत धावली. जुनी माणसं तिला अजून फिएटच म्हणतात, म्हणून मीही तेच म्हणतो.

आता बॉनेटखाली उतरू. चार सिलिंडर, मिळून १०८९ घन सेंटीमीटर. सपाटीवर इंजिन मिनिटाला तीन हजार फेरे घेत होतं असं धरा. अशा इंजिनात प्रत्येक सिलिंडरमध्ये दोन फेऱ्यांत एकदा ठिणगी पडते. म्हणजे चारही सिलिंडरांत मिळून सेकंदाला शंभर ठिणग्या. प्रत्येक ठिणगी नेमक्या क्षणी, पिस्टन वर पोचायच्या किंचित आधी पडायला हवी. एक लिटर पेट्रोल नीट जळायला सोलापूरच्या उन्हाळ्यातली विरळ हवा दहा हजार लिटरच्या वर लागते. तुळजापूरच्या पंचेचाळीस किलोमीटरच्या वाटेवर ही लहानशी गाडी चाळीस हजार लिटरच्या आसपास हवा ओढून घेते, तिच्यात पेट्रोलचा बारीक फवारा मिसळते आणि पेटवते. माणसं मागे गप्पा मारत बसलेली असतात आणि पुढे सेकंदाला शंभर वेळा हे घडत असतं. अशी गाडी कधीतरी बंद पडते याचं नवल वाटायला नको. ती एरवी चालते याचंच वाटायला हवं.

हा सगळा मेळ एक दांडा सांभाळतो. त्याचं नाव कॅमशाफ्ट. क्रँकशाफ्टला तो साखळीने जोडलेला असतो आणि बरोबर निम्म्या वेगाने फिरतो. त्याच्यावरचे अंडाकृती उंचवटे व्हॉल्व्ह उघडतात, म्हणजे हवा आत येते आणि धूर बाहेर जातो. त्याच दांड्याचा आणखी एक उंचवटा पेट्रोलचा पंप हलवतो. त्याच दांड्यावरचा गिअर डिस्ट्रिब्युटर फिरवतो आणि डिस्ट्रिब्युटर ठिणगी वाटतो. हवा, पेट्रोल, करंट, तिन्ही हुकूम एकाच दांड्यावरून सुटतात.

सोलापूरकरांना हा दांडा परका नाही. अक्कलकोट रोड आणि चिंचोळी इथल्या एमआयडीसीत, १९९२ साली स्थापन झालेली प्रिसिजन कॅमशाफ्ट्स ही कंपनी जगातल्या बड्या मोटार कंपन्यांसाठी कॅमशाफ्ट बनवते. बनवण्याची एक रीत तर ऐकत राहावी अशी आहे. साच्यात कॅमच्या जागी धातूचे थंड तुकडे बसवलेले असतात. वितळलेलं लोखंड त्यांना टेकतं आणि तेवढाच पृष्ठभाग झटकन गोठून अतिशय कठीण होतो. बाकीचा दांडा सावकाश निवतो, त्यामुळे मऊ राहतो आणि त्याच्यावर पुढचं काम करता येतं. एकच ओतीव तुकडा, पण कुठे किती कठीण व्हायचं ते कुठला भाग किती लवकर निवला यावर ठरतं.

तीन हुकूम, म्हणून तपासाच्याही तीन वाटा. आमची फिएट झटके खात थांबली आहे, तिच्याकडे येतोच. पण आधी गप्पकन बंद पडणारी गाडी समजून घेऊ, कारण त्यातली गंमत मोठी आहे.

चालत्या इंजिनाचा आवाज एका क्षणात तुटला तर संशय करंटवर. पेट्रोल असं एका क्षणात संपत नाही, करंट मात्र तुटतो तो तुटतोच. बॅटरी बारा व्होल्टची. प्लगच्या फटीतून, दाबलेल्या वायूतून उडी मारायला ठिणगीला हवेत पंधरा-वीस हजार व्होल्ट. हे बाराचे हजारो होतात कसे? कॉइलमध्ये लोखंडी गाभ्याभोवती जाड तारेचे थोडे वेढे असतात आणि बारीक तारेचे हजारो. जाड तारेतून करंट वाहतो तेव्हा गाभ्यात चुंबकत्व साठतं, आणि ठिणगी तेव्हा पडत नाही. करंट *तोडला* की पडते. चुंबकत्व कोसळतं आणि त्या कोसळण्याच्या वेगातून बारीक तारेत हजारो व्होल्ट उसळतात. बदलतं चुंबकत्व वीज निर्माण करतं हे मायकेल फॅरेडेने १८३१ साली दाखवलं. पुढे १९१० च्या सुमारास चार्ल्स केटरिंग या अमेरिकन अभियंत्याने बॅटरी, कॉइल आणि पॉइंट यांची सुबक जुळणी मोटारीत बसवली. फिएटमध्ये तीच आहे. चालू असलेल्यातून काही मिळत नाही, सगळं मिळतं ते तुटण्यातून. शाळेत हा धडा शिकलेल्यांनाही गाडीत सेकंदाला शंभरदा तो घडतो हे ठाऊक नसतं.

करंट तोडायचं काम पॉइंटचं. डिस्ट्रिब्युटरच्या झाकणाखाली दोन चिमुकले धातूचे ठिपके, उघडल्यावर त्यांच्यात अर्ध्या मिलिमीटरपेक्षाही कमी फट. एका ठिपक्याच्या पट्टीला फायबरची टाच असते आणि ती फिरत्या कॅमवर घासत राहते. टाच झिजते, फट कमी होत जाते, आणि एक दिवस ठिपके उघडतच नाहीत. उघडले नाहीत तर करंट तुटत नाही, तुटला नाही तर ठिणगी नाही. कागदाच्या जाडीची झीज आणि टनभर वजनाची गाडी जागच्या जागी.

पॉइंटच्या शेजारी कंडेन्सर नावाची बोटाच्या पेराएवढी डबी असते. ॲल्युमिनियमचा पातळ पत्रा आणि कागद यांची घट्ट गुंडाळी. पॉइंट उघडताना करंट फटीतूनच उडी मारू पाहतो. कंडेन्सर तो स्वतःकडे ओढून घेतो, त्यामुळे तुटणं स्वच्छ होतं. कंडेन्सर खराब झाला की पॉइंट काळे पडतात, ठिणगी निळी कडकडीत न येता पिवळट, मलूल येते. इथे सोलापूरचा उन्हाळा मधे येतो. तापल्यावर कंडेन्सरमधलं कागदी आवरण दुबळं होतं. कॉइलमधल्या बारीक तारेला कुठे सूक्ष्म तडा असेल तर तापून प्रसरण पावताना तो उघडतो आणि थंड झाल्यावर पुन्हा मिटतो. मग गाडी भर दुपारी बंद पडते, संध्याकाळी शहाण्यासारखी चालते, गॅरेजमध्ये नेली की काही दोषच दाखवत नाही, आणि मालकाला लोक वेड्यात काढतात. मालक खरं सांगत असतो. दोष उष्णतेबरोबर येतो आणि उष्णतेबरोबर जातो. म्हणून असा दोष शोधायचा तर गाडी गरम आणि बंद असतानाच. हाती लागलेली ही वेळ वाया घालवू नये.

शोधायचं कसं? जवळ एखादा जादा प्लग ठेवावा. डिस्ट्रिब्युटरकडून येणारी एक प्लगची वायर काढून त्याला जोडायची, प्लगचं धातूचं अंग इंजिनाच्या लोखंडाला नीट टेकवायचं, हात दूर ठेवायचा आणि कुणाला तरी सेल्फ मारायला सांगायचं. सावलीत निळी ठिणगी टकटक उडताना दिसली तर करंट ठीक. त्याआधी आजूबाजूला पेट्रोल सांडलेलं नाही, त्याचा वास नाही, याची खात्री हवीच. आणि ही परीक्षा पॉइंटवाल्या जुन्या गाडीपुरतीच. अलीकडच्या इलेक्ट्रॉनिक इग्निशनमध्ये व्होल्ट बरेच जास्त असतात आणि असा प्रयोग माणसालाही धोक्याचा, संगणकालाही.

समजा आपल्या फिएटची ठिणगी निळी आली. मग गाठ पेट्रोलशी आहे. तिच्या थांबण्याच्या पद्धतीतही तेच लिहिलेलं होतं. कार्ब्युरेटरला एक छोटी कुंडी असते, तरंगत्या फ्लोटने पातळी राखणारी. मागून येणारं पेट्रोल थांबलं तरी कुंडीतलं शिल्लक पेट्रोल इंजिनाला काही क्षण पुरतं. पातळी खाली गेली की मिश्रण पातळ होत जातं, इंजिन आचके देतं आणि मग थांबतं. खात्री करायला एअर क्लीनरचं झाकण काढायचं, कार्ब्युरेटरच्या नळीत वरून डोकवायचं आणि इंजिन बंद ठेवून हाताने ॲक्सिलरेटर ओढायचा. आत पेट्रोलची बारीक चिळकांडी उडाली तर कुंडीत पेट्रोल आहे. आपल्या गाडीत उडत नाही. टाकी तर निघताना भरली होती. मग पेट्रोल गेलं कुठे?

ते वाटेतच वाफ झालंय.

पाणी जसं एका ठराविक तापमानाला उकळतं तसं पेट्रोलचं नाही, कारण पेट्रोल हे शेकडो हायड्रोकार्बनांचं मिश्रण आहे. त्यातले हलके घटक पस्तीस-चाळीस अंशांच्या आसपासच उकळू लागतात, जड घटक दोनशेपर्यंत टिकून राहतात. म्हणजे मे महिन्यातली सोलापूरची नुसती सावलीतली हवासुद्धा हलक्या घटकांना पुरेशी आहे. त्यात पंप बसवलेला तापलेल्या इंजिनाच्या अंगाला. हा पंप मागच्या टाकीतून पेट्रोल ओढतो; ओढल्याने नळीतला दाब कमी होतो, आणि दाब कमी झाला की द्रव आणखी कमी तापमानाला उकळतो. सपाटीवर वारा लागत होता तोवर निभावलं. घाटात वेग गेला, वारा गेला, इंजिन मात्र जास्त राबू लागलं. पंपात वाफ भरली. पंपाचा पडदा वर-खाली होतो, वाफ दबते आणि फुगते, पण पेट्रोलचा थेंब पुढे सरकत नाही. यालाच व्हेपर लॉक म्हणतात. भारतीय मानक ब्युरोच्या पेट्रोलच्या मानकात ‘व्हेपर लॉक इंडेक्स’ नावाची मर्यादाच घालून दिलेली होती आणि उन्हाळ्यासाठी ती अधिक कडक होती. मे महिन्यातलं पेट्रोल आणि डिसेंबरमधलं पेट्रोल हुबेहूब सारखं नसतं, हे किती जणांना माहीत असेल?

या गोष्टीला अलीकडे एक नवा फाटा फुटला आहे आणि तोही सोलापूर जिल्ह्याच्या दारातूनच जातो. अकलूज, पंढरपूर, माढा या ऊसपट्ट्यातले साखर कारखाने आता साखरेबरोबर इथेनॉलही बनवतात आणि ते पेट्रोलमध्ये मिसळलं जातं, आता वीस टक्क्यांपर्यंत. शुद्ध इथेनॉल ७८ अंशांना उकळतं. पेट्रोलच्या हलक्या घटकांहून ते कितीतरी शांत. मग ते मिसळल्यावर मिश्रण शांत व्हायला हवं. होतं उलटंच: थोड्या प्रमाणात मिसळलेल्या इथेनॉलने मिश्रणाची वाफ मूळ पेट्रोलपेक्षाही सहज होते. कारण इथेनॉलचे रेणू आपापसात हायड्रोजन बंधांनी एकमेकांना धरून असतात, म्हणून सहजी उडत नाहीत. पेट्रोलच्या गर्दीत ते एकेकटे पडतात, धरायला कुणी उरत नाही, आणि मग निसटून जातात. प्रमाण दहा टक्क्यांच्या वर गेलं की हा परिणाम हळूहळू कमी होऊ लागतो. मला हे फार सुंदर वाटतं, पण जुन्या गाडीवाल्याने त्याची दुसरी बाजूही ध्यानात ठेवावी: इथेनॉल जुन्या रबराला मानवत नाही. पंपाचा पडदा आणि पेट्रोलच्या रबरी नळ्या इथेनॉल सोसणाऱ्या घालून घ्याव्यात. चिरलेल्या नळीतून पेट्रोल गरम इंजिनावर ठिबकणं हे बंद पडण्याहून फार वाईट.

व्हेपर लॉकवर जुन्या ड्रायव्हरांचा उपाय ठरलेला: पंपावर आणि नळीवर ओलं फडकं. हा उपाय शास्त्राला धरून आहे, आणि सोलापुरात तो मुंबईपेक्षा जास्त चालतो. एक लिटर पाणी वाळताना सुमारे चोवीसशे किलोज्यूल उष्णता घेऊन जातं, पण ते भराभर वाळायला हवा कोरडी हवी. कोकणपट्टीच्या दमट हवेत फडकं ओलंच राहतं. मे महिन्यात इथली दुपारची आर्द्रता बरेचदा वीस-पंचवीस टक्क्यांवर येते. फडकं बघता बघता सुकतं आणि तेवढ्यात पंप निवतो. ज्या हवेने गाडी अडवली तीच हवा तिला सोडवते. फक्त पाणी फडक्यातून लावावं. तापलेल्या इंजिनाच्या लोखंडावर किंवा सायलेन्सरच्या पाइपवर थंड पाण्याची बादली ओतली तर लोखंड तडकू शकतं. रेडिएटरचं टोपण तर अशा वेळी उघडूच नये.

याचाच एक जुळा भाऊ आहे आणि तो भल्याभल्यांना चकवतो. गाडी चालताना काही त्रास नाही. चहाला म्हणून दहा मिनिटं थांबवली आणि मग स्टार्ट होईना. थांबलेली गाडी निवत असेल असं आपल्याला वाटतं. पण इंजिन बंद झालं की पंखा थांबतो, पाणी फिरायचं थांबतं, आणि इंजिनात साठलेली उष्णता वर, कार्ब्युरेटरकडे चढते. पहिली दहा-वीस मिनिटं बॉनेटखालचं तापमान चालत्या गाडीपेक्षा वाढलेलं असतं. कुंडीतलं पेट्रोल उकळून उतू जातं आणि इंजिनाच्या तोंडाशी साचतं. इथे दुष्काळ नाही, महापूर आहे. आणि तो नाकाला कळतो: बॉनेट उघडताच पेट्रोलचा भपका. अशा वेळी लोक घाबरून ॲक्सिलरेटर पुन्हापुन्हा मारतात आणि प्रत्येक दाबाबरोबर आणखी चिळकांडी आत उडते. पेडल एकदाच, अगदी तळापर्यंत दाबून तसंच धरावं आणि सेल्फ मारावा. भरपूर हवा आत जाते, जादाचं पेट्रोल निघून जातं, इंजिन खोकत खोकत पकडतं.

आणखी एक दोष असा आहे की सापडल्यावर टाळी वाजवावीशी वाटते. गाडी वीस-तीस किलोमीटर चालते, झटके खाते, थांबते. थोड्या वेळाने आपोआप ठीक होते. पुन्हा तितक्याच अंतरावर थांबते. ठिणगी चांगली, पंप चांगला. मिस्त्री टाकीचं टोपण उघडतो आणि ‘सुस्स’ असा हवा आत शिरल्याचा आवाज येतो. तेलाच्या डब्याला एकच भोक पाडलं तर तेल अडखळत पडतं, म्हणून आपण दुसरं भोक पाडतो. टाकीतून पेट्रोल बाहेर जायचं तर त्याच्या जागी हवा आत यायला हवी. टोपणातलं ते बारीक भोक धुळीने बुजलेलं असतं. पंप एकटा साऱ्या वातावरणाच्या दाबाशी झुंजत असतो आणि अखेर हरतो. दुरुस्तीचा खर्च काही नाही, टाचणीएवढ्या भोकाची सफाई.

कार्ब्युरेटरच्या जेटमध्ये कचरा अडकणं, फिल्टर तुंबणं हे तर नेहमीचंच. जेटचं भोक मिलिमीटरभराचं, टाकी जुनी आणि गंजकी. एक कण पुरतो.

तिसरी वाट हवेची आणि तीच सर्वांत गंभीर. सेल्फ मारल्यावर इंजिनाचा आवाज नेहमीपेक्षा हलका, सरसर, एकसुरी येतो. दाबाचा अडथळा लागत असतो तेव्हा सेल्फ लयीत दमत दमत फिरतो. ती लय नाहीशी होते. मिस्त्री डिस्ट्रिब्युटरचं झाकण काढतो, सेल्फ मारायला सांगतो आणि आतल्या रोटरकडे बघतो. रोटर फिरत नसेल, तर बहुतेक वेळा कॅमशाफ्टला फिरवणारी साखळी तुटलेली असते. व्हॉल्व्ह, पंप, ठिणगी, तिन्ही एका दमात गेलेली. मग सेल्फ मारत राहू नये, गाडी टो करून न्यावी.

आता या शतकातल्या गाड्याही जुन्या झाल्या आहेत. त्यांत पॉइंट नाही, कार्ब्युरेटर नाही. पंप टाकीच्या आत बसतो आणि ओढण्याऐवजी ढकलतो, त्यामुळे पेट्रोल दाबाखाली राहतं आणि व्हेपर लॉक क्वचितच होतो. चावी फिरवल्यावर मागच्या सीटखालून दोन सेकंद बारीक गुणगुण ऐकू येते, तो हाच पंप. ती आली नाही तर आधी फ्यूज आणि रिले बघावा. पण दुपारी गरम झाल्यावर गप्पकन बंद आणि अर्ध्या तासाने जणू काही झालंच नाही, हे दुखणं यांनाही आहे. बहुतेकदा दोष क्रँक सेन्सरचा असतो. क्रँकशाफ्टबरोबर एक दातेरी चाक फिरतं. दोन दात मुद्दाम गाळलेले, म्हणजे प्रत्येक फेरीत संगणकाला कळावं की पिस्टन कुठे आहे. दात जवळून जाताना चुंबकत्व बदलतं आणि सेन्सरमधल्या केसासारख्या बारीक तारेत वीज उमटते: फॅरेडेचाच नियम, फिएटच्या कॉइलमध्ये होता तोच. आणि तार तापून तुटण्याचा दोषही तोच. सेन्सर गप्प झाला की संगणकाला इंजिन फिरतंय हेच कळत नाही, मग तो ठिणगीही देत नाही आणि पेट्रोलही. बऱ्याच गाड्यांत आरपीएमचा काटा याच सेन्सरवर चालतो. म्हणून सेल्फ मारताना काट्याकडे बघावं. इंजिन फिरतंय आणि काटा शून्यावरून हलत नाही, तर मिस्त्री गाडीखाली हात घालतो, सेन्सरवर ओलं फडकं धरतो, पाच मिनिटं थांबतो आणि म्हणतो, "मारा आता सेल्फ." गाडी एका दमात स्टार्ट झाली, तर सेन्सर बदलायचा.